आजी ‘शालोम बेटा’ म्हणाली तिथेच मी थांबले

प्रिय ‘गोंधळलेली ठाणेकर’,

तुझं पत्र, सिनॉप्सिस आणि सुरुवातीची प्रकरणं वाचली. अहोजाहो करत नाही, तूच लिहिलंयस की मी तुझ्या आईच्या वयाची असणार. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ही ठाण्यात राहते, नोकरी करते आणि रात्री कादंबरी लिहिते. कादंबरीत एक जुनी तीन मजली सोसायटी आहे, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायचीय, मंदार नावाचा हिरो आहे, त्याच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली, आजी, वरच्या मजल्यावर चिपळूणकडचं मुसलमान कुटुंब, आणि खाली गाळ्यात ब्यूटी पार्लर, तिथे काम करणारी ‘ईशान्येकडची मुलगी’. लेखनगटात वाचून दाखवलं तर तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणाला, त्या लोकांचं तुला काय माहिती, आपल्या माणसांवर लिही. दुसरी म्हणाली, माणूस सगळीकडे सारखाच, जातधर्म विसर आणि लिही. तिसरा म्हणाला, हे डायव्हर्सिटी वगैरे अमेरिकेतलं फॅड आहे, आपल्याकडे वंशबिंश काही नसतं. आणि ही विचारतेय की ऐकू कोणाचं.

तिसऱ्याला आधी निकालात काढू, ते सोप्पंय. त्याला म्हणावं मलिक अंबर आठव. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनेत येऊन निजामशाहीचा सगळा कारभार हातात घेतला, मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलं, खडकी वसवली जिचं पुढे औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर, आणि १६२६ मध्ये वारला. जंजिरा तर सिद्दींकडे, म्हणजे अशाच आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशजांकडे, थेट १९४८ पर्यंत होता, आपण निम्मे लोक शाळेच्या सहलीत होडीत बसून तिथली तोफ बघून आलोय. कारवारच्या वरच्या अंगाला यल्लापूर-हल्याळकडे आजही सिद्दी वस्त्या आहेत, चेहरेपट्टी आफ्रिकन आणि घरात बोलणं कोकणी-मराठीच्या अंगाचं, त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिश्चन पण आहेत. आणि २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या पोराला त्याच्या केसांवरून चिडवलं, भांडण झालं, मारहाण झाली आणि तो जिवानिशी गेला, त्याला मग काय म्हणायचं? फॅड आपण आयात केलं असेल, प्रकार इथलाच आहे.

दुसरीचं म्हणणं कानाला गोड लागतं, ‘माणूस म्हणून लिही’. पण होतं काय, सगळे सारखे करायला गेलं की सगळे मंदारसारखे होतात. वरच्या मजल्यावरच्या पारकरांच्या मुलाला लग्नानंतर वेगळा फ्लॅट भाड्याने हवा असेल तर एजंट फोनवर आधी नाव विचारतो आणि नाव ऐकल्यावर म्हणतो ‘मालकाशी बोलून कळवतो’, आणि तो कळवत नाही. मंदारला हा फोन आयुष्यात कधी आला नाही. हे विसरून लिहायचं म्हटलं तर तुझ्या कादंबरीतला निम्मा मसाला गेला, कारण कादंबरीच घरांबद्दल आहे ना गं. जातधर्म विसरून जगणं मंदारला परवडतं, पारकरांना ते लोक विसरू देत नाहीत.

राहिला पहिला, हक्काचा प्रश्न विचारणारा. लिहायचा हक्क तुला आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, आणि ‘आपली माणसं’ म्हणजे कोण हे त्यालाही नीट सांगता येणार नाही. तू जन्मापासून ठाण्यात आहेस, ही सगळी तुझ्याच शहराची माणसं. पण एक गोष्ट त्याच्या बाजूने बोलते. सोसायटीत राहणारी अमुक एक बाई बाहेरून रंगवणं वेगळं आणि ‘मी’ म्हणून तिच्या आत शिरून, तिच्या समाजाने सोसलेलं आपल्या तोंडून सांगणं वेगळं. मराठीत दलितांनी, भटक्याविमुक्तांनी स्वतःची आत्मकथनं लिहिलीत, मुसलमान मराठी लेखकांची वेगळी साहित्य संमेलनं भरत आलीत, म्हणजे ही माणसं गप्प बसलेली नाहीत की तू त्यांना आवाज देणार. ‘मी’ने लिहायचं मनात असेल तर आधी त्यांचं वाच, भरपूर वाच, आणि मग ठरव तुझ्या ‘मी’ची खरंच गरज आहे का. तू सध्या तृतीय पुरुषात लिहितेयस, ते तसंच ठेव असं माझं मत.

आता खरं दुखणं कुठे आहे ते सांगते. तुला वाटतंय दुखणं आजीच्या, पारकरांच्या आणि त्या मुलीच्या पात्रांत आहे. मला ते मंदारमध्ये दिसलं. बघ, तुझी पहिलीच ओळ आहे, ‘मंदार चहाचा कप घेऊन गॅलरीत आला.’ बस. ना रंग, ना डोळे, ना जात, ना धर्म. आणि पुढच्या दोन पानांत ‘समोरच्या ज्यू आजी’, ‘वरचे मुस्लिम काका’, ‘पार्लरमधली ती मिचमिच्या डोळ्यांची मुलगी’. म्हणजे मंदार नुसता माणूस आणि बाकीचे आपापलं ओळखपत्र गळ्यात घालून फिरतायत. तू मुद्दाम केलेलं नाहीस हे मला कळतं, आपल्याकडे वर्षानुवर्षं असंच लिहिलं जातं, ज्याची ओळख सांगितली नाही तो आपोआप सवर्ण मराठी हिंदू, आणि आडनाव आलं की उरलेलं वाचक ओळखतो. पण मंदारचीही ओळख आहेच ना. त्याच्या घरी गुरुवारी काय शिजत नाही, त्याची आई भांडी घासणाऱ्या बाईला चहा कुठल्या कपात देते, पत्रिका जुळवायला कोणाकडे जातात, मासळीच्या वासावरून सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज कोण टाकतं. हे सगळं मंदारला दिसत नाही कारण तो त्यात वाढलाय. आजीला दिसतं. पारकरांच्या बायकोला तर फारच दिसतं.

म्हणून पहिला गृहपाठ हा घे. कादंबरीत जाणार नाही असं एक पान लिही, फक्त तुझ्यासाठी, त्यात समोरच्या आजी दाराच्या फटीतून मंदारचं घर बघतायत. त्यांना काय विचित्र वाटतं? कशाचं हसू येतं, कशाचा राग येतो? हे पान जमलं की बाकीचं अर्धं काम झालंच समज. आणि नाही जमलं तर आजी अजून तुला माहितीच नाहीत.

रंगाचं पण याच्यातच आलं. मंदारची बायको ‘गोरीपान’, नाक ‘चाफेकळी’, पारकरांची मुलगी ‘मुसलमानी सौंदर्य’ म्हणजे नक्की काय देवाला ठाऊक, आणि वॉचमन ‘काळाकभिन्न’. हे शब्द लग्नाच्या जाहिरातीतून उचललेले आहेत. एकतर सगळ्यांचा रंग सांग, अगदी मंदारचा सुद्धा, किंवा कोणाचाच सांगू नकोस. आणि सांगायचाच तर कोणाच्या नजरेने सांगतेयस ते दिसू दे. सासूला सून सावळी वाटते तेव्हा ते सासूबद्दल असतं, निवेदकाने सावळी म्हटलं की ते तुझ्याबद्दल होतं.

चल आता आजींकडे. मला या आजी फार आवडल्या असत्या पण त्या पहिल्याच वाक्यात ‘शालोम बेटा’ म्हणाल्या आणि पुढे ‘हम इस्रायल जायेगा’ टाइप मोडकंतोडकं बोलायला लागल्या. अगं, बेने इस्रायली माणसाची घरातली भाषा मराठी असते! कोकणातली, अलिबाग-पेण-रोह्याकडची. त्यांची परंपरा सांगते की पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले, मग गावोगाव तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक ‘शनिवार तेली’ म्हणायला लागले. आडनावं बघ, किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, चेऊलकर, दिवेकर. १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ज्याने बांधलं त्या सॅम्युएल दिवेकरला लोक सामाजी हसाजी म्हणायचे. ठाण्यातलं सिनेगॉग १८७९ चं आहे, तू त्याच्यावरून रिक्षाने हजारदा गेली असशील. या समाजात मराठीत कीर्तनं झालीत, ज्यू पुराणातल्या गोष्टींवर. तेव्हा तुझ्या आजींचं मराठी मंदारच्या आईपेक्षा अस्सल असणार, अलिबागच्या हेलाचं, आणि म्हणी तर विचारू नकोस.

तू त्यांच्या घरात दर प्रसंगाला मेणबत्त्या लावल्यायस. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागतो हे बरोबर, पण एवढ्याने घर उभं राहत नाही. त्यांच्याकडे मलिदा होतो, पोहे भिजवून त्यात ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, बाजूला ताटात फळं मांडायची, संदेष्टे एलियाहू हनाबींचं नाव घेऊन प्रार्थना, नवस फेडताना, लग्नाच्या आधी, नवीन घरात शिरताना. लग्नाआधी मेंदी असते. सणांना जुनी मराठी नावं आहेत, खिरीचा सण आहे, बिरड्याचा रोजा आहे. मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध चालतं कारण मांस आणि गाईम्हशीचं दूध एकत्र करत नाहीत. आणि मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते हे, की समुद्रकाठच्या अलिबागची बाई पण कोळंबी, खेकडे, शिंपल्या खाणार नाही, खवलं आणि पर असलेलाच मासा खाणार. आता तुझ्या वरच्या मजल्यावर कोकणी मुसलमान पारकर आहेत, ते शाफई पंथाचे असणार, त्यांना कोळंबी बिनधास्त चालते. म्हणजे एकाच जिन्यात एक घर मासळी खात नाही, एक घर निवडून खातं आणि एक घर सगळं खातं. या जिन्यातून शनिवारी दुपारी कोळंबीच्या कालवणाचा वास खाली उतरतो तेव्हा कोण काय करतं, हे लिही ना! तुझ्या मेणबत्त्यांपेक्षा शंभरपट जिवंत होईल.

पण थांब, हे सगळं वाचून तू आता सगळं एका प्रकरणात कोंबशील, मला भीती वाटते. तसं करू नकोस. रीतिरिवाजांचं म्युझियम झालं की माणूस मरतो. कदाचित तुझ्या आजी फार धार्मिक नसतील, गुपचूप कोळंबी खात असतील, पारकरांच्या बायकोने करून आणून दिलेली, आणि मुलाला कळू देत नसतील. असंही असतं. समाजाची रीत माहीत असली की मगच ती मोडणारं माणूस लिहिता येतं.

आजींचं मुख्य काय ते सांगू? त्या इथे का राहिल्या. १९४८ नंतर पन्नास-साठच्या दशकात आणि पुढेही बहुतेक बेने इस्रायली इस्रायलला गेले, लोदला, दिमोनाला, अश्दोदला, बेअरशेवाला, इथे काही हजार उरलेत आणि त्यातले बरेच मुंबई-ठाण्याकडे. तिकडे गेल्यावर सगळं गोडगोड झालं असंही नाही, यांच्याशी लग्न लावायचं की नाही यावर तिकडच्या धर्मगुरूंनी शंका काढली, आंदोलनं झाली, १९६४ मध्ये ते मिटलं. आणि या समाजातही आपापसात ‘गोरे इस्रायल’ ‘काळे इस्रायल’ असा भेद जुन्या काळी पाळला गेलाय, जेवणाखाण्यात, लग्नात. म्हणजे तुझ्या आजींच्या मनात सुद्धा कोणाबद्दल तरी आढी असू शकते. धाकटी बहीण दिमोनाला आहे, फोनवर दोघी मराठीत भांडतात, तिकडचं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक ती वाचते, तिच्या नातवंडांना मराठीचा म येत नाही. आजी का गेल्या नाहीत? नवरा नको म्हणाला? नोकरी होती? की कोणी इथलं आवडलं होतं? मला ही कादंबरी वाचायचीय. मंदारची नंतर बघू.

पारकर कुटुंबाबद्दल कमी लिहिते कारण तिथे एकच मोठी गडबड आहे, पण ती सगळीकडे आहे. तू त्यांना देवमाणसं केलंयस. ईदला शीरखुर्मा, मंदारच्या वडिलांना रात्री हॉस्पिटलला नेणं, कधी आवाज चढवत नाहीत, आणि दर तीन वाक्यांनी ‘अल्लाह कसम’. तुझा हेतू चांगला आहे, हल्लीच्या दिवसांत कोणी वाईट रंगवलं जाऊ नये म्हणून तू सांभाळून लिहितेयस. पण वाचकाला कळतं गं, की लेखिका या माणसाला हात लावायला घाबरतेय. चिपळूणकडच्या मुसलमान घरात बोलतात ते कोकणी वळणाचं मराठी, हिंदी सिनेमातलं ‘भाईजान’ नाही. आजोबा बोटीवर असतील, वडील कुवेतला किंवा कतारला असतील, गावी भलंमोठं घर बांधून कुलूप लावलेलं असेल. या कोकणातून केपटाऊनला जाऊन स्थायिक झालेली घरं सुद्धा आहेत. यांच्यापैकीच बॅरिस्टर अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. तर पारकर काकांना सोसायटीचं सेक्रेटरी कर, पार्किंगवरून कोणाशी तरी सहा महिने अबोला ठेव, हिशोबात खडूस कर, भावाबरोबर गावच्या आंब्याच्या कलमांवरून कोर्टात केस चालू दे. त्याचा मुसलमानपणा कथेत येईलच, तो भाड्याच्या फ्लॅटच्या फोनमध्ये येईल, पण सेक्रेटरी म्हणून त्याने कोणाचं तरी काम अडवलेलं असलं की तो फोन जास्त बोचतो, कारण आता आपल्याला तो खडूस माणूस ओळखीचा झालेला असतो.

बोलीबद्दल एक. ऐकून, रेकॉर्ड करून, चार क्रियापदं आणि दोनतीन खास शब्द धर आणि ते शेवटपर्यंत सारखे ठेव. अख्खं पान बोलीत लिहायचा सोस नको, कानावर पकड नसेल तर ते नाटकातल्या विनोदी नोकरासारखं वाटतं. मराठीत ख्रिश्चन पात्र आलं की ‘हम तुमको बोला मॅन’ म्हणणारा दारुडा येतो, तोच हा रोग. वसईचे कुपारी, मुंबईचे ईस्ट इंडियन यांच्या घरात मराठीच्याच बोली आहेत पिढ्यान्‌पिढ्या, पण आपल्या लेखकांना तो ‘मॅन’ सुटत नाही.

आता पार्लरमधली मुलगी. नाव लिली. आडनाव नाही, गाव नाही, ‘तिकडे डोंगरात कुठेतरी’ घर. बाहुलीसारखी, अबोल, नूडल्स खाते. आणि सिनॉप्सिसमध्ये अठराव्या प्रकरणात तिच्यावर हल्ला होतो आणि त्यामुळे मंदार जागा होतो आणि सोसायटीला माणुसकीवर भाषण देतो.

हे मला आवडलं नाही, स्पष्टच सांगते. तोपर्यंत तू तिला एक पूर्ण वाक्य बोलू दिलं नाहीस आणि मंदारला शहाणपण यावं म्हणून तिला मार खायला लावलंस. आजी शेवटी वारतात त्याही मंदारला रडू यावं म्हणून. पारकर घर सोडून जातात ते मंदारला अपराधी वाटावं म्हणून. एकदा यादी करून बघ, तिघांपैकी एकाची तरी कादंबरीत स्वतःची अशी काही खटपट आहे का जी मंदारला माहीत पण नाही. एकाचीही नाही. सगळे त्याच्या क्लासचे मास्तर.

तेव्हा लिलीपासून सुरू कर. आधी राज्य ठरव. सिक्कीम धरून आठ राज्यं आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटात दहा समाज. राज्य ठरलं की नाव बदलतं, भाषा बदलते, कथा पण बदलते. मिझो असेल तर नाव साधारण इकारान्त असेल, पुरुषांची नावं आकारान्त असतात, आणि आपल्यासारखं आडनाव बहुधा नसतं, म्हणजे आधार कार्ड, बँक, भाडेकरार, प्रत्येक फॉर्मवर आडनावाच्या रकान्यात काय लिहायचं ही कटकट. मणिपूरची मैतेई असेल तर घराण्याचं नाव आधी येतं आणि स्वतःचं नंतर, म्हणजे पार्लरची मालकीण तिला वर्षभर आडनावाने हाक मारत असेल आणि तिने ते सुधारलं नसेल. खासी असेल तर कूळ आईकडून चालतं आणि वडिलोपार्जित घर सगळ्यात धाकट्या मुलीकडे जातं, आता विचार कर, ही जर धाकटी असेल तर शिलाँगच्या बाजूला घर सोडून ठाण्यात का आलीय? अरुणाचलची असेल तर हिंदी फाडफाड बोलेल कारण तिथे वेगवेगळ्या जमाती एकमेकांशी हिंदीतच बोलतात, मिझोरामची असेल तर हिंदी इथे येऊन शिकली असण्याची शक्यता जास्त. तुझी लिली अबोल आहे ती स्वभावाने की भाषेमुळे, हे राज्य ठरवल्याशिवाय तुलाच कळणार नाही.

आणि साल बघ. तुझी कादंबरी २०२३-२४ मध्ये घडते. मणिपूरची केलीस तर ३ मे २०२३ ला तिकडे मैतेई-कुकी हिंसाचार सुरू झाला, त्यानंतर तिचं आयुष्य आधीसारखं राहिलेलं नाही, मैतेई की कुकी यावर तिचं गाव, तिची वाट, तिच्या मैत्रिणी सगळं ठरतं, तिकडे कितीतरी महिने इंटरनेट बंद होतं, म्हणजे आईचा व्हिडिओ कॉल नाही. ती ठाण्यात कोणाच्या तरी भुवया करतेय आणि गिऱ्हाईक विचारतंय ‘तू चायनाची का गं?’ हे तुला पेलणार असेल तरच मणिपूर घे, नाहीतर सरळ मिझोराम घे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये हल्ले होणार अशा नुसत्या अफवांवरून बंगळूर आणि पुण्यातून ईशान्येकडची हजारो मुलंमुली गाड्या भरभरून परत गेली होती, तिची मोठी बहीण तेव्हा पुण्यात असेल तर ती हिला काय सांगून पाठवेल? तिच्या सामानात काय असेल, कोणाचा नंबर पाठ असेल? आणि हे सगळं असून मूळ मुद्दा वेगळाच असू दे, म्हणजे तिला स्वतःचं पार्लर काढायचंय आणि मालकिणीची गिऱ्हाइकं फोडायचीत. हे असलं काहीतरी हवं, किंचित चालू, किंचित हुशार.

माहिती कुठून काढायची हे तू विचारलंयस. पुस्तकं, जुने समाजाचे अंक, ते तर आहेच. माणसांकडे जाशील तेव्हा ‘तुमच्यात काय काय असतं हो’ असं विचारत जाऊ नकोस, त्याला सगळे पाठ केलेलं उत्तर देतात, सण आणि पदार्थ. घर कसं घेतलं विचार, कर्ज कोणाच्या नावावर, पोरांनी शाळेत डबा कोणाबरोबर खाल्ला, आडनावाचं स्पेलिंग बँकेत कसं चुकलं. पार्लरमध्ये जा, पैसे देऊन काम करून घे, लगेच वही काढू नकोस. आणि लिहून झाल्यावर त्या त्या समाजाच्या एकाला वाचायला दे, फुकट नको, मानधन दे, हे काम आहे. त्याला सर्टिफिकेट मागू नकोस, एक बेने इस्रायली बाई सगळ्या समाजाच्या वतीने सही करू शकत नाही. ‘कुठे वाचताना थांबावंसं वाटलं’ एवढंच विचार आणि त्या जागा ठीक कर. दोघांचं एकमेकांशी पटलं नाही तर तुला जे कथेला खरं वाटतं ते ठेव.

रिडेव्हलपमेंटचं तुझ्या हातात आयतं आलंय आणि तू ते पार्श्वभूमीला टाकलंयस, कमाल आहे! तिघांची स्वतःची खटपट तिथेच तर आहे. आता निम्म्याहून जास्त सभासदांची संमती, ५१ टक्के, पुरते. मग सही कोणाकोणाची घ्यायची? आजींचा फ्लॅट त्यांच्या आणि अश्दोदच्या भाच्याच्या नावावर, भाचा पॉवर ऑफ ॲटर्नी पाठवत नाहीये. पारकर सेक्रेटरी, बिल्डरच्या फायली त्यांच्याकडे, आणि मंदारचे वडील ग्रुपवर आडून आडून सुचवतायत की सेक्रेटरी बदलायला हवा, कारण सांगत नाहीत पण सगळ्यांना कळतंय. पार्लर भाड्याच्या गाळ्यात, नव्या बिल्डिंगमध्ये त्याला जागाच नाही, तिथल्या मुलीला तर कोणी विचारणार पण नाही, पण गिऱ्हाइकांच्या गप्पांतून बिल्डरचा खरा आकडा सगळ्यात आधी तिच्याच कानावर येतो. त्या सर्वसाधारण सभेचं प्रकरण आधी लिही, बाकी सगळं बाजूला ठेव, आणि त्यात मंदारला शेवटच्या रांगेत बसव.

चूक निघाली तर काय, असं शेवटी विचारलंयस. निघेल एखादी. कोणीतरी फोन करून सांगेल की आमच्यात असं नसतं. ऐकून घे, वाद घालू नकोस, खरंच चूक असेल तर प्रकाशकाला सांगून दुसऱ्या आवृत्तीत बदलून टाक, आणि नुसती नाराजी असेल तर राहू दे. ते मिचमिचे डोळे मात्र दुसऱ्या आवृत्तीपर्यंत ठेवू नकोस, आत्ताच काढ.